खिशात किती पैसे असावेत?

२०१६ साली यूपीआय आले आणि आपली पाकिटे हलकी झाली. या निमित्ताने लूक १० वाचा. चौथ्या वचनात प्रभू येशू शिष्यांना पैशाची पिशवी नेऊ नका असे सांगतो. त्यांनी पाहुणचारावर विसंबायचे होते. पस्तिसाव्या वचनात मात्र शोमरोनी दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या रक्षकाला देतो. जखमी माणसाची गरज थांबणारी नव्हती.

पाड्याकडे जाताना हे ध्यानात ठेवा. रेंज नसलेल्या आठवडे बाजारात रानभाजी विकणाऱ्या बाईला क्यूआर कोडचा उपयोग नाही. दहा-वीसच्या नोटा सोबत न्या. सुट्ट्यांपायी तिची विक्री अडू नये.

मननासाठी प्रश्न: माझ्या खिशातले पैसे कोणाच्या अडचणीत उपयोगी पडतात?