बीएआरसी, एनसीएलमध्ये शिरायला किती पैसे लागतात?

पोराला किंवा पोरीला ‘सायंटिस्ट’ करायचं म्हटलं की घरचे आधी क्लासची फी विचारायला धावतात. त्याआधी अर्जाची फी बघा.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने, म्हणजे बीएआरसीने, 2023मध्ये 4,374 जागा काढल्या. त्यात बहुतेक जागा स्टायपेंडरी ट्रेनींच्या होत्या. डिप्लोमा किंवा बीएस्सीवाल्यांना अर्जाला 150 रुपये, आयटीआय आणि बारावीवाल्यांना 100. महिला, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना माफी. प्रशिक्षण दोन वर्षांचं, आणि त्या काळात पैसे केंद्रच देतं: आयटीआयवाल्याला पहिल्या वर्षी महिन्याला 20,000, दुसऱ्या वर्षी 22,000; डिप्लोमावाल्याला 24,000 आणि 26,000. इतका स्वस्त रस्ता असूनही आपल्याकडे तो ‘इंजिनिअरिंग नाही जमलं तर’ या खान्यात टाकतात, हे मला कधी पटलेलं नाही. खरी अडचण वयाची. त्या जाहिरातीत खुल्या गटातल्या आयटीआयवाल्यांना 22 वर्षांची मर्यादा होती आणि अशी मोठी भरती दरवर्षी निघत नाही. तेव्हा तिच्या भरवशावर रिकामं बसू नका. हातात दुसरं काम ठेवा.

इंजिनिअर किंवा एमएस्सी झालेल्यांसाठी याच केंद्राचं ट्रेनिंग स्कूल 1957पासून चालू आहे. अर्ज 500 रुपयांचा, त्यातही महिलांना माफी. निवड ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर किंवा केंद्राच्या स्वतःच्या ऑनलाइन परीक्षेवरून, पुढे मुलाखत. गेटची फी मात्र दीड-दोन हजारांच्या घरात जाते. वर्षभराचं प्रशिक्षण पार पडलं की सायंटिफिक ऑफिसर, मूळ वेतन 56,100. सही करण्याआधी बाँड वाचा: किमान तीन वर्षं नोकरी करावी लागते.

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पीएचडी करायची तर बहुतेकांची वाट सीएसआयआर-नेट परीक्षेतून जाते. 2025मध्ये खुल्या गटाची फी 1,150, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस 600, एससी-एसटी 325. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर महिन्याला 37,000, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर 42,000. घरभाडे भत्ता वेगळा. मात्र हा पगार नव्हे. पीएफ नाही, आणि पाच वर्षांनी फेलोशिप संपते तेव्हा कायम नोकरीची हमी नसते. घरावर कर्ज असेल तर हा हिशेब आधी मांडा.

खोली, डिपॉझिट आणि मेस यासाठी तीन-चार महिन्यांचे पैसे गाठीशी ठेवा. फेलोशिप मंजूर होते, पण कागदपत्रं फिरत राहतात आणि पहिली रक्कम उशिरा हातात पडते. क्लास ऐच्छिक समजा. आधी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून बघा, त्या फुकट मिळतात. आणि ‘आतून सेटिंग आहे’ म्हणत कुणी पैसे मागितले, तर त्याला चहाही पाजू नका.