शोधकार्यातील कुत्रा आणि माणूस

आमचे घराणे धारचे. पवारांच्या चाकरीनिमित्त माळव्यात स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांपैकी एक. आमच्या आजोबांना उतारवयात विस्मरणाचा विकार जडला. एका पावसाळी संध्याकाळी ते मुंज तलावाकडे फिरावयास गेले, ते परतलेच नाहीत. सारी आळी रात्रभर बॅटऱ्या घेऊन हिंडली. सकाळी ते जुन्या मातीच्या तटाच्या उतारावर, झुडपांत सापडले. जिवंत, पण थंडीने काकडलेले. वरच्या वाटेने आम्ही दोनदा जवळून गेलो होतो! तेव्हापासून मी या विषयाकडे वळलो.

शोधकार्यातील कुत्रे ढोबळमानाने दोन प्रकारे काम करतात. काही विशिष्ट व्यक्तीचा माग जमिनीवरून काढतात. काही हवेतून येणारा कोणाही माणसाचा वास टिपतात. आपल्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. त्यांचा वास वाऱ्याबरोबर पसरतो व जसजसा दूर जाईल तसतसा रुंद आणि विरळ होतो. म्हणून कुत्र्याला वाऱ्याला आडवे न्यावयाचे असते. आपल्या शेजारच्या मुधोळचा प्रसिद्ध कुत्रा मुख्यतः नजरेने शिकार करतो. या कामी लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांचा वापर अधिक होतो.

देवासला मावसभावाच्या कुत्र्यावर मी थोडा प्रयोग करून पाहिला. भाचा माळावर लपला. पहिल्यांदा वारा आमच्या पाठीमागून येत होता. कुत्र्याला काहीच उमगले नाही. मग आडवे चाललो, तो एकाएकी मान वर करून वळला आणि थेट मुलापाशी गेला. पुढे एक चूक ध्यानात आली. मुलगा कोठे आहे हे मला ठाऊक असले की कुत्रा वारा सोडून माझ्याच तोंडाकडे पाही. सरावात लपण्याची जागा कुत्रा हाताळणाऱ्यालाही माहीत नसावी, हा नियम मला असा कळला.

अमेरिकेत व ब्रिटनमध्ये हे काम पुष्कळदा स्वयंसेवक करतात. आपल्याकडे ते मुख्यतः लष्कर, पोलीस व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्याकडे आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानातील भूकंपानंतर याच दलाच्या ज्यूली या कुत्रीने नूरदागी येथे ढिगाऱ्यावर भुंकून खूण केली. रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याने तिला दुजोरा दिला, आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर निघाली. एकाच्या खुणेवर न विसंबता दुसऱ्याकडून पडताळा घेणे, ही शास्त्राचीच रीत नव्हे काय?

शांत रात्री गार हवा उताराने खाली वाहते. आजोबांचा वास त्या रात्री खालच्या वाटेकडे जात असला पाहिजे. आम्ही मात्र वरून चाललो होतो. कुत्रा असता तरी वरच्या वाटेने त्याला नेऊन उपयोग झाला नसता. कुत्र्याचे नाक निसर्गाने दिलेले आहे. त्याला कोठून न्यावयाचे, हे माणसानेच शिकावयाचे असते.