एवढी मोठी गोधडी

कराड
७ जून

चि. मुक्तास,


तुझा आराखडा पोचला. नऊ फूट बाय नऊ फूट, सगळी षटकोनी तुकड्यांची, तुझ्या आजीच्या लुगड्यांतून, सगळी हातानं शिवलेली, आणि पुढच्या मे महिन्यात दादा-वहिनींच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील तेव्हा त्यांच्या हातात द्यायची. कागदावर फार देखणी दिसते. खाली तू लिहिलंयस, ‘आत्या, जमेल ना गं मला?’ तुझा टाका मी पाहिलेला आहे, त्याची मला काळजी नाही. काळजी वेगळी आहे. गोधडी दोन तऱ्हांनी मोठी होते, मापानं किंवा तुकड्यांच्या संख्येनं. तू दोन्ही एकदम मागून बसली आहेस.

जरा हिशेब कर. एक इंच बाजूच्या षटकोनाचं क्षेत्रफळ साधारण २.६ चौरस इंच. नऊ फुटांची चौरस गोधडी म्हणजे ११,६६४ चौरस इंच. म्हणजे तुकडे झाले साडेचार हजारांच्या आसपास. मे महिन्यापर्यंत पोचायचं तर रोज तेरा-चौदा तुकडे कापायचे, कागदावर दुमडून टाचायचे आणि एकमेकांना जोडायचे, तेही एकही सुट्टी न घेता. एवढं करून झाला फक्त वरचा थर. आतले थर आणि अस्तर लावून धावदोरा घालायचं, म्हणजे खरं गोधडीचं काम, अजून सुरूच झालेलं नाही.

तू मला जेन स्टिकलच्या रजईचा फोटो पाठवलास आणि लिहिलंस, तिनं १८६३ साली केलं, मग मला का नाही जमणार? तो फोटो पुन्हा नीट बघ. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना व्हरमाँटमधल्या या बाईनं ५,६०२ तुकडे जोडले, आणि युद्धकाळ, साल, तुकड्यांचा आकडा आणि आपलं नाव असं सगळं एका कोपऱ्यात भरून ठेवलं. पण तिची रजई मापानं केवढी आहे? जेमतेम पावणेसात फूट. तिनं मोठेपणा एकाच बाजूनं घेतला. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिच्या रजईत पाच-पाच इंचांचे १६९ चौकोन आहेत, भोवती कडेचे त्रिकोण आणि चार कोपरे, असे एकूण २२५ वेगवेगळे नमुने. म्हणजे दर थोड्या दिवसांनी तिच्या हातात काहीतरी पुरं झालेलं येत होतं. चौकोन संपला, बाजूला ठेवला, दुसरा घेतला. तुझ्या षटकोनांत तसं काही नाही. पाचशे जोडले तरी ते पाचशेच, आणि चार हजार अजून बाकी. मोठं काम माणूस कंटाळून सोडतो ते बहुधा असं, हातात काही न आल्यामुळं.

(बेनिंग्टनच्या संग्रहालयात ती रजई वर्षातून थोडेच दिवस, पानगळीच्या सुमारास बाहेर काढतात, कारण उजेडानं कापड विरतं. आपण मात्र गोधडी पांघरायला करतो हे लक्षात असू दे.)

षटकोन तुला आवडलेत, ते सोडायला मी सांगत नाही. मधोमध तीन फुटांचा चौक फक्त षटकोनांचा कर. त्याला पाचशे तुकडे लागतील. रोज पाच धरलेस तर शंभर दिवसांत, नवरात्र लागायच्या आधी, ते काम संपेल. त्याच्या भोवती लुगड्यांचे रुंद पट्टे लाव. एका कडेला हिरवे काठ येतील, दुसऱ्या कडेला आजीची ती चौकड्यांची दोन. आणि माप साडेसात फुटांवर आण. आपल्याकडच्या मोठ्या पलंगाला तेवढी दोन्ही बाजूंनी व्यवस्थित खाली येते. दीड फूट कमी केल्यानं काय होतं असं वाटेल, पण काम जवळजवळ एक तृतीयांशानं उतरतं. लांबी आणि रुंदी दोन्ही कमी होतात ना!

षटकोन थोडेच घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे कापड. इंचभर बाजूच्या तुकड्याला सहाही अंगांनी पाव इंच शिवण धरली तर कापलेल्या कापडाचा चाळीस टक्के भाग आत दुमडून जातो. नवं कापड असतं तर मी काही म्हटलं नसतं. आजीची लुगडी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं वापरलेली आहेत. त्यांच्या दशा सुटतात, पाव इंचात शिवण धरून राहत नाही. म्हणून षटकोन काठाजवळच्या, पदराच्या, कमी झिजलेल्या भागातूनच काप. प्रत्येक लुगडं खिडकीसमोर धरून बघ. जिथून उजेड झिरपतो तो भाग वर लावायचा नाही, तो आतल्या थरात जाईल. आपल्या बायका फाटकं कापड फेकत नसत, आत घालत, आणि त्यानंच गोधडीला ऊब येई. इरकलीचा लाल रंग सुटतो, तेव्हा ती पांढऱ्या फडक्याबरोबर रात्रभर भिजव आणि फडकं पांढरं राहीपर्यंत तेच पुन्हा कर. पॉलिएस्टरच्या साड्या त्यात मिसळू नकोस. सुती आटतं, ते आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात सगळ्या सुरकुत्या वर येतात. जरीचं काही घालू नकोस, जर टोचते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. आराखड्यात तू धावदोरा मधून सुरू करून बाहेर नेलायस, तळ्यात खडा टाकल्यावर लाटा पसराव्यात तसा. पुस्तकांतून बहुतेक हेच शिकवतात आणि त्याला कारण आहे. मधून बाहेर गेलं की सैल कापड कडेकडे सरकतं, फुगा येत नाही. पण आपली गोधडी उलटी जाते. कडेनं एक फेरी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असं करत सगळ्यात शेवटी मध्य. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही अशाच कडेकडून आत येतात. ठिगळंसुद्धा त्या शिवता शिवताच लावत जातात आणि कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुलं बसवतात. फुलाशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. हे लोक मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. आपल्या गोधडीत आणि त्यांच्या कवंदीत कोणी कोणाचं घेतलं हे सांगायच्या भानगडीत मी पडत नाही, पण रीत एकच आहे.

ही रीत लहान गोधडीला असली काय नि नसली काय. मोठीला मात्र ती माणसाला तारून नेते. साडेसात फुटांच्या गोधडीची पहिली फेरी तीस फुटांची. ती पुरी व्हायला जीव जातो. पण तेव्हा तू ताजी असतेस, उत्साह असतो, घरातले लोक येऊन कौतुक करून जातात. पुढची फेरी त्याहून आखूड, त्याच्या पुढची आणखी आखूड. निम्म्या फेऱ्या झाल्या की कामाचा पाऊण हिस्सा हातावेगळा झालेला असतो. मधून बाहेर गेलीस तर नेमकं उलटं. निम्म्या फेऱ्या झाल्या तरी काम पाव हिस्साच होतं, आणि मान-खांदा भरून आला असताना, कौतुक करणारे पांगले असताना सगळ्यात लांब फेऱ्या पुढ्यात येतात. माळ्यावरच्या अर्धवट रजया बहुतेक अशाच राहिलेल्या असतात. आणखी एक फायदा आहे. कडेची शिवण आधीच पक्की झालेली असल्यानं काम मध्येच महिनाभर थांबलं तरी गोधडी उसवत नाही. एखाद्या थंडीत तशीच पांघरायलाही घेता येते.

याची किंमत टाचण्यात मोजावी लागते. कडेकडून आत येताना सैल कापड मध्याकडे ढकललं जातं आणि शेवटी तिथं फुगा धरतं. म्हणून धावदोरा कडेकडून घातला तरी कच्चे टाके मात्र मधूनच सुरू करायचे आणि कडेकडे न्यायचे, वीतभर अंतरावर, उभे आणि आडवे. या कामात घाई करायची नाही. फरशी ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करायची, अस्तर अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मग एकेक थर हातानं मधून बाहेर सारत पसरायचा. गुडघ्यांखाली उशी घे. पावसाळ्यात हे करू नकोस. कापड सर्दावतं, ताणलं जातं आणि सुकल्यावर आक्रसतं. नवरात्रापर्यंत चौक झाला, त्यानंतर पट्टे जोडलेस, की दिवाळीच्या सुट्टीत टाचायला हवा अगदी बरोबर असते.

ओळींमधलं अंतर तू अर्धा इंच धरलं आहेस. नऊ फुटांच्या गोधडीत त्या ओळी एकापुढे एक मांडल्या तर ५९० मीटर होतात. तेच साडेसात फूट माप आणि बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतर ठेवलंस तर २७५ मीटर. दिवाळीनंतर रोज दीड मीटर शिवलंस तर सहा महिन्यांत होतं, रात्री जेवणं आटोपल्यावर जमण्यासारखं. तारीख ठरवून गोधडी शिवू नये असं काहीजणी म्हणतात. मला ते पटत नाही. तारीख नसली की ती आपल्याला पांघरायला मिळत नाही, भाच्या-पुतण्यांना मिळते. अंगुस्तान मात्र पहिल्या दिवसापासून वापर. बोटाला भोक पडल्यावर घालून उपयोग नाही.

थर किती घ्यायचे? तू पाच लिहिलेस. नऊवारी लुगडं आठ मीटरच्या वर लांब असतं, तेव्हा साडेसात फुटांच्या पाच थरांना तीनच लुगडी पुरतात. कापड भरपूर आहे, म्हणून मोह होतो. पण धुताना कसं होईल ते आधी बघ. अशी पाच थरांची सुती गोधडी कोरडी असताना तीन किलोंच्या घरात जाते आणि भिजली की दुपटीच्या वर. आपल्याकडे घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची असतात. तेव्हा कृष्णा-कोयनेच्या काठावर दोन बायका दोन टोकं धरून गोधडी पिळत. जुन्या गोधड्या चार-पाच फुटांच्या पलीकडे रुंद का नसत याचं उत्तर मला तिथंच आहे असं वाटतं, पिळणाऱ्या हातांना पेलेल एवढीच ती असे. तुझ्याकडं ना नदी, ना दुसऱ्या टोकाला कोणी. बाल्कनीतल्या दोरीवर ही गोधडी ओली टांगलीस तर दोरी खाली येईल. तीन थर घे. पुण्याच्या थंडीला तेवढे पुष्कळ झाले.

मदत घेऊ का, असंही तू विचारलं होतंस. जरूर घे. मापानं सगळ्यात मोठी रजई जगात अशीच झाली. सॅन फ्रान्सिस्कोत तिची सुरुवात झाली; एड्सनं गेलेल्या माणसांच्या नावांचे तुकडे त्यांच्या घरच्यांनी आणि मित्रांनी शिवले, प्रत्येक तीन फूट रुंद, सहा फूट लांब, थडग्याच्या मापाचा. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या मैदानावर असे १,९२० तुकडे अंथरले होते. आता ते पन्नास हजारांच्या आसपास आहेत आणि सगळ्यांचं वजन ५४ टन. त्यात शिवणकाम न येणारे कितीतरी लोक होते. माप सगळ्यांना एकच आणि एका घराला पेलेल एवढं ठेवलं म्हणून ते जोडता आलं. तेव्हा तुझ्या न्यू जर्सीच्या बहिणीला काही शिवायला द्यायचं असेल तर ‘तुला वाटेल ते कर’ असं सांगू नकोस. पट्ट्याची लांबी-रुंदी इंचात लिहून दे, शिवणीला किती सोडायचं ते लिही आणि कापडही तूच पाठव. तिचे टाके तुझ्यापेक्षा मोठे येतील, ते उसवून पुन्हा घालायचे नाहीत. दादाला ते बरोबर ओळखू येतील आणि तो त्यावरून तिला चिडवेल.

माझ्याकडे आजीची सहा लुगडी आहेत, चार तुला पाठवते आहे. जांभळं ठेवून घेतलं, ते मागू नकोस. पाठवलेल्यांतल्या हिरव्यावर पदराच्या बाजूला तेलाचा डाग आहे, तो भाग आत जाऊ दे. दोन्ही इरकली भिजवल्याशिवाय कात्री लावायची नाही. दिवाळीत भाऊबीजेला येईन तेव्हा दोन दिवस जास्त राहीन, म्हणजे टाचायला तू आणि मी अशा दोघी असू. तोवर तुमच्या हॉलमधला तो सोफा कुठं हलवता येईल ते बघून ठेव. गॅलरीच्या दाराशी तो अडकतो असं वहिनी म्हणत होती. नाहीच जमलं तर तुमच्या सोसायटीचा गच्चीजवळचा हॉल एका दिवसासाठी मागून घे. आणि दादाला यातलं काही सांगू नकोस, त्याच्या पोटात राहत नाही.

तुझी,
आत्या