न दिसणाऱ्या यंत्राचा पंचनामा

मु. सातारा

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, चिपळूणहून तुझ्या आत्याचा फोन आला होता आणि बोलण्याच्या ओघात, तक्रारीचा सूर मुळीच न काढता, तिने एवढेच सांगितले की घरचा संगणक चालू होईना म्हणून तिने तुला फोन लावला, तूही बरीच खटपट केलीस, परंतु अखेरीस ‘आत्या, तुला सांगून उपयोग नाही, कोणाला तरी बोलाव’ असे म्हणून फोन ठेवलास. तू या विद्येचा पदवीधर, हिंजवडीस तिच्यावरच उपजीविका करणारा. आणि ती बचत गटाचा जमाखर्च त्या यंत्रावर इमानेइतबारे ठेवणारी, साठी ओलांडलेली बाई. तुमच्यामधले ज्ञानाचे अंतर कोणीही कबूल करील. तथापि त्या दिवशीची मसलत फसली तिचे मूळ तुझ्या विचारण्याच्या रीतीत आहे असे माझे मत असून, ते तुला पटावे एवढ्याच हेतूने हे सविस्तर लिहीत आहे.

तहसील कचेरीत मी अव्वल कारकून असताना गावोगावचे सातबारे संगणकावर चढू लागले, आणि यंत्र अडले की जिल्ह्याच्या ठिकाणी फोन करून दाद मागण्याचे काम माझ्याकडे आले. पलीकडे बसणारे सगळेच हुशार होते, परंतु त्यांपैकी काही जण माझे पहिले वाक्य पुरे होण्यापूर्वीच निदान करून हुकूम सोडू लागत, तर काही जण निवांतपणे ‘आत्ता तुमच्यासमोर काय काय दिसते आहे, तेवढे सांगा’ असे म्हणत. आणि काम तडीस जाई ते बहुधा या दुसऱ्या मंडळींच्या हातून. पंचनामा कसा लिहितात हे तू पाहिलेले नसशील. पंच घटनास्थळी जातात, कुलूप कसे पडले आहे, कडी कोणत्या बाजूस वाकली आहे, हे जसेच्या तसे नोंदवतात. चोर कोण आणि तो कोणत्या वाटेने आला, याविषयी अवाक्षर लिहीत नाहीत. फोनवरून यंत्र दुरुस्त करणाऱ्यास डोळे नसतात आणि हातही नसतात. त्याचे डोळे, कान आणि हात पलीकडच्या माणसाकडे असतात. म्हणून त्या माणसाकडून निदानाची अपेक्षा न धरता पंचनाम्याची अपेक्षा धरावी, आणि तो घडवून आणण्याची जबाबदारी विचारणाऱ्याने स्वतःवर घ्यावी.

‘चालू होत नाही’ या तीन शब्दांत निदान तीन निरनिराळ्या आपत्ती दडलेल्या असतात. बटण दाबूनही दिवा लागत नाही की पंखा फिरत नाही, ही पहिली. पंखा फिरतो, दिवाही लागतो, परंतु पडदा काळाच राहतो, ही दुसरी. पडद्यावर अक्षरे किंवा कंपनीचे चिन्ह येते आणि गाडी तेथेच थांबते, ही तिसरी. या तिघींची कारणे भिन्न आणि उपायही भिन्न. त्या दिवशी तू आत्यास सुरुवातीसच ‘सेफ मोडमध्ये टाक’ असे सांगितलेस असे कळले. परंतु यंत्रात वीजच पोहोचत नसेल तर कसला सेफ मोड आणि कसले काय! तेव्हा पहिला प्रश्न नेहमी हाच असावा की, बटण दाबल्यावर कोठे दिवा लागतो का, आणि पेटीपाशी कान नेला तर घरघर ऐकू येते का. तिने त्या पेटीस ‘सीपीयू’ म्हटले तर म्हणू द्यावे. अवघा मुलूख तसेच म्हणतो, आणि अडलेल्या माणसाची शब्दावली सुधारण्याची ती वेळ नव्हे.

दिवा नाही आणि पंखाही नाही, असे उत्तर आले तर विजेच्या वाटेने, भिंतीपासून यंत्रापर्यंत, एकेक नाके तपासत यावे. भिंतीवरच्या सॉकेटात मोबाइलचा चार्जर लावून मोबाइल चार्ज होतो का ते पाहण्यास सांगावे. म्हणजे आपल्याकडची 230 व्होल्टची वीज तेथवर आली आहे की नाही, याचा निकाल लागतो. पुढे एक्स्टेंशन बोर्ड, त्याचे वेगळे बटण, मग यूपीएस. यूपीएसमधली बॅटरी काही वर्षांत दम तोडते, आणि बॅटरी संपलेला यूपीएस कित्येकदा बाहेरची वीज असूनही पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी यंत्राची वायर यूपीएसमधून काढून थेट भिंतीत लावून पाहिली की अर्धा तपास आटोपतो. शेवटी पेटीच्या पाठीमागे, जेथे जाड काळी वायर शिरते तेथे, एक लहानसे बटण असते. त्यावर एका बाजूस उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूस गोल असतो. झाडलोट करताना फडक्याचा धक्का लागून ते गोलाच्या बाजूस पडले की यंत्र निपचित होते. ते उभ्या रेघेच्या बाजूस दाबलेले असावे. परंतु जुन्या पेट्यांत त्याच परिसरात 115 आणि 230 असे आकडे लिहिलेले एक लाल सरकबटणही असते. त्यास हात लावू नकोस, असे आत्यास आधीच बजावावे, कारण आपल्या विजेवर ते 115 वर सरकले तर पॉवर सप्लाय जळून जातो.

वायर नीट बसली आहे का, असे मात्र थेट विचारू नये. कोणताही स्वाभिमानी माणूस त्यास ‘हो, बसली आहे’ असेच उत्तर देतो, आणि ते न पाहता देतो. त्याऐवजी, ‘आत्या, ती काळी वायर दोन्ही टोकांनी बाहेर काढ, तोंडावर धूळ असेल तर कोरड्या फडक्याने पूस, आणि पुन्हा घट्ट दाबून बसव’ असे सांगावे. मात्र त्याआधी भिंतीवरचे बटण बंद करवून घ्यावे. कोणाची चूक निघत नाही, कोणाची अब्रू जात नाही, आणि सैल झालेली वायर आपोआप जागेवर येते.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे पंखा फिरत असून पडदा काळा असताना, मॉनिटरचा स्वतःचा दिवा कोणत्या रंगाचा आहे ते विचारावे. मुळीच नसेल तर मॉनिटरलाच वीज नाही. पिवळसर किंवा नारिंगी असेल, अथवा लुकलुकत असेल, तर बहुधा मॉनिटर जागा आहे, परंतु यंत्राकडून त्यास चित्र पोहोचत नाही. मग चित्राची केबल पाहावी. जुन्या निळ्या तोंडाच्या केबलीस दोन बाजूंना दोन स्क्रू असतात आणि ते न आवळल्यास ती आपल्याच वजनाने निसटते. त्यानंतर कानाची साक्ष घ्यावी. पुष्कळ यंत्रे सुरू होताना स्वतःची तपासणी करतात आणि दोष आढळल्यास शिटी वाजवतात. तिचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो, परंतु लांब शिट्या पुनःपुन्हा वाजत राहिल्या तर बहुधा संशय मेमरीच्या पट्टीवर जातो. येथे एक खबरदारी घ्यावी. ‘टुक टुक वाजते’ एवढ्यावर विसंबू नये. आवाज पेटीतून येतो की खाली ठेवलेल्या यूपीएसमधून, हे कान लावून सांगण्यास सांगावे, कारण वीज गेल्यावर यूपीएसही तसाच ओरडतो. कोकणच्या पावसाळी दमटपणात मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात मळतात आणि ती काढून, खोडरबराने हलकेच पुसून, पुन्हा बसवली की यंत्र बोलू लागते, हा आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांचा नित्याचा अनुभव आहे. परंतु पेटी उघडण्याचे हे काम आत्याकडून करवून घ्यायचे की गावातल्या माहीतगारास बोलवायचे, याचा निर्णय तिच्या इच्छेवर सोड. आणि पॉवर सप्लायची डबी तर कोणत्याही परिस्थितीत कोणासही उघडू देऊ नकोस, वायर काढल्यानंतरही तिच्यात विजेचा संचय राहू शकतो.

तिसऱ्या प्रकारात यंत्र स्वतःच जबानी देत असते. ती अक्षरशः उतरवून घ्यावी. संदेश इंग्रजीत असला आणि आत्यास तो सलग वाचता आला नाही तर एकेक अक्षर वाचण्यास सांगावे, आणि बी की डी असा घोळ पडू नये म्हणून ‘बी बॉम्बेचा, डी दिल्लीचा’ असा जुना शिरस्ता ठेवावा. सुरू करण्याजोगे काही सापडत नाही, अशा आशयाचा संदेश असेल तर प्रथम यंत्रास टोचलेला पेनड्राइव्ह काढण्यास सांगावे. कित्येकदा यंत्र त्यातच आपली प्रणाली शोधत बसलेले असते. तारीख भलत्याच सालातली दिसत असेल तर आतला सीआर 2032 नावाचा तीन व्होल्टचा बटण सेल संपला असे समजावे. ती चुकीची तारीख राहिली तर पुढे बँकेची संकेतस्थळेही असुरक्षित म्हणून अडवली जातात, आणि बिचारा माणूस इंटरनेटला दोष देतो. परंतु आतून ठराविक अंतराने टिकटिक ऐकू येत असेल तर तेथेच थांबावे. हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजत असते, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नाने बचत गटाचा जमाखर्च व नातवंडांची छायाचित्रे यांवर गदा येण्याचा संभव वाढतो. यंत्र दुकानात मिळते, जमाखर्च मिळत नाही. म्हणून ‘सगळे पुसून नव्याने टाकू’ हा सल्ला मालाची दुसरी प्रत कोठे आहे हे विचारल्याशिवाय तोंडातून काढू नये.

तू म्हणशील, हल्ली व्हिडिओ कॉल आहे, एवढ्या प्रश्नोत्तरांचे प्रयोजन काय? व्हिडिओ कॉल जरूर करावा. पण एका हातात मोबाइल धरून टेबलाखाली वाकणाऱ्या बाईस दुसऱ्या एकाच हाताने वायर बसवावी लागते, आणि हलत्या चित्रात तुला दिसते ते तिचे पाऊल आणि जमीन. वास, घरघर, उष्णता यांची साक्ष तर कॅमेरा देतच नाही. आणि जगातल्या मोठमोठ्या आस्थापनांवरही हीच पाळी आलेली आहे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. दोषी फाइल कोणती हे लवकरच कळले होते, परंतु सुरूच न होणाऱ्या यंत्रास दुरून हुकूम पोहोचत नाही, त्यामुळे असंख्य ठिकाणी माणसाने यंत्रासमोर बसून, सेफ मोडमध्ये शिरून, ती फाइल हाताने काढावी लागली. आणि जेथे डिस्कला कुलूप होते तेथे त्यापूर्वी 48 अंकांची किल्लीही टंकावी लागली. ही किल्ली सहा सहा अंकांच्या आठ गटांत असते. अशा वेळी एक गट सांगावा, पलीकडच्याने तो उलट वाचून दाखवावा, आणि मगच दुसरा सांगावा. एका वेळी एकच हुकूम, आणि त्याची तामिली झाल्याचा दाखला मिळाल्यावरच पुढचा, हा नियम आत्याच्या बाबतीतही पाळ. तुझी बोटे कीबोर्डवर ज्या वेगाने चालतात त्या वेगाने तिला आज्ञा देऊ नकोस. ती चष्मा सावरते, जागा शोधते, आणि तेवढ्या अवकाशात तू दुसरे वाक्य उच्चारलेस की तिचे पहिलेही विसरते.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत निकडीची. अडलेल्या माणसास घरच्यांनी झिडकारले की तो परक्याकडे वळतो, आणि ‘आम्ही कंपनीतून बोलतो, तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे’ असे मधाळ स्वरात सांगणारे ठक याच संधीची वाट पाहत असतात. ते चिडत नाहीत, आणि बोलता बोलता यंत्राचा ताबा घेऊन खाते रिकामे करतात. आत्यास नीट समजावून सांग की, असा आपणहून आलेला फोन कोणताही असो, तो ठेवून द्यावा; ओटीपी किंवा पासवर्ड कोणी मागितला तर, मागणारा तू असलास तरी, देऊ नये; आणि फसगत झालीच तर लाजेपोटी लपवून न ठेवता तत्काळ 1930 या सरकारी क्रमांकावर कळवावे. तुझा संयम हा तिच्या पैशाचा पहारा आहे, एवढे ध्यानात ठेव.

उद्या रविवार आहे. सकाळी अकराच्या पुढे, तिची स्वयंपाकाची गडबड आटोपल्यावर, तू होऊन फोन कर आणि भिंतीवरच्या सॉकेटापासून आरंभ कर. यंत्र सुरू झाले तर जमाखर्चाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढवून घे, आणि काय बिघडले होते व कशाने सुधारले हे तिच्याच हस्ताक्षरात एका वहीत लिहवून ठेव. तुझ्या प्रयत्नांची परीक्षा मात्र त्या दिवशी होणार नाही. पुढच्या खेपेस तिने ‘बिघडला रे’ असे न म्हणता, ‘पेटीचा दिवा लागतो, पंखा फिरतो, मॉनिटरचा दिवा नारिंगी आहे, निळी केबल मी काढून बसवली’ असा आपणहून पंचनामा दिला, तर तू शिकवलेस असे मी समजेन.

कळावे. हे आशीर्वाद.

तुझा,
काका