वेब डेव्हलपर व्हायचंय? आधी ‘पुढील पान’ नीट बांधा

बारावीचा निकाल लागला की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, “पोराला वेबसाइट बनवण्याची आवड आहे, कुठला क्लास लावू?” त्यामागची धाकधूक रास्त आहे. फी भरमसाट, जाहिरातींत पॅकेजचे मोठमोठे आकडे, आणि मूल खरंच शिकतंय की नुसतं लॅपटॉपसमोर बसतंय हे कळायला मार्ग नाही. माझा सल्ला सरळ आहे. क्लास नंतर ठरवा, आधी एक छोटं काम शेवटपर्यंत करायला सांगा.

कुठल्याही लांब यादीच्या खाली ‘मागील, 1, 2, 3, पुढील’ अशा लिंक असतात. त्यांना पेजिनेशन म्हणतात. काम दिसायला किरकोळ आहे, पण डेटाबेस, सर्व्हर आणि वापरणाऱ्याची स्क्रीन या तिन्हींशी त्यात गाठ पडते. म्हणून नवशिक्याची खरी पारख इथे होते.

हिशेब कुठे चुकतो?

गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची करायची आहे असं समजा. 247 कादंबऱ्या आहेत आणि एका पानावर 20 दाखवायच्या आहेत. भागाकार 12.35 येतो, म्हणजे पानं 13 आणि शेवटच्या पानावर 7 पुस्तकं. पाचवं पान उघडलं की पहिल्या 80 नोंदी सोडून 81 ते 100 दाखवायच्या. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत त्यासाठी लिमिट (किती नोंदी घ्यायच्या) आणि ऑफसेट (किती सोडायच्या) वापरतात.

आता पुस्तकं बरोबर 240 असतील तर? ‘भागून एक मिळवा’ असा कोड लिहिला असेल, तर तेरावं पान कोरं निघतं. यादी लेखकाच्या नावाने लावली आणि एकाच लेखकाची तीस पुस्तकं असली, तर त्यांचा आपसातला क्रम कोण ठरवणार? तो ठरवून दिला नाही, तर एखादं पुस्तक दोन पानांवर दिसू शकतं आणि दुसरं कुठेच दिसत नाही. म्हणून लेखकाच्या जोडीला दाखल क्रमांकही क्रमवारीत घ्यावा लागतो.

याच्या पुढची पायरी मोठ्या, सतत बदलणाऱ्या यादीची. वाचक पहिल्या पानावर असताना वर एक नवी नोंद आली, तर विसावी नोंद एकविसावी होते आणि दुसऱ्या पानावर पुन्हा भेटते. शिवाय एक लाख नोंदी सोडून पुढच्या वीस मागितल्या, तर डेटाबेसला साधारणपणे त्या लाख नोंदी ओलांडूनच जावं लागतं. ‘शेवटी दाखवलेल्या नोंदीनंतरच्या वीस द्या’ असं विचारलं, की दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी सुटतात, मात्र एकदम पन्नासाव्या पानावर उडी मारता येत नाही. कुठे काय सोडायचं आणि काय धरायचं, हे कारणासह सांगता येणं म्हणजेच या कामातली समज.

हिशेब जुळला तरी काम संपत नाही, यादी सगळ्यांना वापरता आली पाहिजे. अंध व्यक्ती स्क्रीन रीडरच्या मदतीने संकेतस्थळ ऐकतात. आपण कोणत्या पानावर आहोत हे त्यांना नुसत्या रंगावरून कळत नाही, ते कोडमध्ये नोंदवावं लागतं. 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या सुगमतेच्या निकषांत, काही अपवाद वगळता, बोटाने दाबायची जागा किमान 24 बाय 24 पिक्सेल असावी असं म्हटलं आहे. ही काळजी विद्यार्थिदशेतच अंगवळणी पडली पाहिजे.

शिकायचं कुठून?

बीसीए, बीएस्सी आयटी, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग, यांपैकी कुठलीही वाट चालेल. आधी एचटीएमएल आणि सीएसएस, मग पायथन, पीएचपी किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी एकच भाषा, जोडीला एसक्यूएल आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट. एमडीएन या संकेतस्थळावरचं साहित्य मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे बरेच धडे मराठीतही आहेत. जँगो (पायथन) आणि लारावेल (पीएचपी) या फ्रेमवर्कमध्ये पेजिनेशन तयार मिळतं आणि नोकरीत तेच वापरावं. शिकताना मात्र एकदा स्वतःच्या हाताने लिहा.

“एआय हे मिनिटात लिहून देतं, मग शिकायचं कशाला?” असंही पालक विचारतात. कोड मिळेल, पण 240 पुस्तकांवर तो चुकतो का, हे तपासण्याची जबाबदारी माणसाचीच राहते. ज्याने स्वतः कधी लिहिलंच नाही, त्याला काय तपासायचं हेही सुचत नाही.

पालकांनी काय बघावं?

कोड येत नसला तरी घरबसल्या ही परीक्षा घेता येते.

1. शेवटचं पान उघडा. ते कोरं आहे का?
2. पत्त्यातल्या पान क्रमांकाच्या जागी 9999 टाका. समजेल असा संदेश येतो की सगळं कोलमडतं?
3. ‘फक्त कादंबरी’ असं निवडून पुढील पानावर जा. निवड टिकते का?
4. हेच सगळं मोबाइलवर करून बघा.

नंतर मुलाला विचारा, “हे असं का केलंस?” त्याने तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं, तर तो योग्य वाटेवर आहे. अडखळला तर रागावू नका, आणखी आठवडाभर द्या.

विद्यार्थ्यांनो, दहा अर्धवट प्रोजेक्टपेक्षा नीट चालणारी एक यादी मुलाखतीत जास्त बोलते. या सुट्टीत ती पूर्ण करा. आणि पालकांनो, क्लासची फी भरण्याआधी ती यादी स्वतः उघडून बघा.