योगवर्ग ऑनलाइन, तयारी घरची

प्रश्न : वय 54, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. ऑनलाइन योगवर्गाला नाव घातलंय. घरी काय तयारी करू?

उत्तर : आधी शिक्षकांना रक्तदाबाचं सांगा, वर्ग सुरू व्हायच्या आत. डोकं खाली जाणारी आसनं आणि श्वास रोखून धरणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पडद्यापलीकडच्या शिक्षकाला तुमचा चेहरा दिसतो, धाप दिसत नाही. म्हणून मोबाइल समोर न ठेवता बाजूला, स्टुलावर, पाच-सहा फुटांवर ठेवा. उभं राहिल्यावर डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं दिसायला हवं. पुढे वाकताना गुडघा वाकला की पाठ, हे बाजूनेच कळतं.

गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते. न घसरणारी मॅट घ्याच. मोजे काढा. बाकी खरेदीची घाई नको. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, दोर, पट्टा, ब्लँकेट यांच्या आधाराने आसनं शिकवली. घरातली बिनचाकांची खुर्ची भिंतीला टेकवा, जुन्या ओढणीचा पट्टा करा. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. चक्कर आली, छातीत दुखलं तर लगेच थांबा, वर्ग चालू असला तरी, आणि डॉक्टरांना गाठा.