कॉपी, सनद आणि दुसरी संधी (गीता, अध्याय ९, श्लोक ३० आणि ३१)



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय नववा, श्लोक ३० आणि ३१. जोडीला महाभारताच्या शांतिपर्वातली कर्ण आणि परशुरामांची कथा. श्लोक पाठ नसतील तर आधी गीता उघडून एकदा मोठ्याने वाचा, मग पुढे या.

थोडक्यात अर्थ असा. तिसाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, की अगदी टोकाचा दुराचारी माणूससुद्धा अनन्यपणे माझ्याकडे वळला तर त्याला साधूच धरून चालावं, कारण त्याने जे ठरवलंय ते बरोबर ठरवलंय. एकतिसाव्यात सांगतात, की असा माणूस लवकरच धर्मात्मा होतो, त्याला टिकणारी शांती मिळते, आणि माझ्या भक्ताचा नाश होत नाही हे तू खुशाल जाहीर कर.

ऐकायला फार गोड वाटतं. पण श्लोक खरंच समजलाय का हे बघायचं तर तो एखाद्या अवघड प्रकरणाला लावून बघावा लागतो. आज तसंच एक प्रकरण घेऊ : वकील होऊ घातलेला मुलगा परीक्षेत कॉपी करताना सापडला, तर त्याला पुन्हा संधी द्यायची का?

हे नुसतं कल्पनेतलं नाही

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. तिथल्या वरंगळमध्ये, ते आंध्र प्रदेशात असताना, ऑगस्ट २०१० मध्ये काकतीय विद्यापीठाची एलएलएमची परीक्षा चालू होती. तपासणीत पाच परीक्षार्थी कॉपी करताना आढळले. हे पाचही जण नोकरीवर असलेले न्यायाधीश होते. उच्च न्यायालयाने त्यांना लगेच निलंबित केलं.

आपण इंजिनिअर मंडळींनी हसायचं काही कारण नाही. मे २०१७ मध्ये औरंगाबादला अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका नगरसेवकाच्या घरी बसून पेपर पुन्हा लिहिताना पोलिसांना सापडले होते. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दहावीच्या पहिल्याच पेपरला पेपर फुटल्याच्या बातम्या आल्या, त्यात जालन्यासोबत आपल्या यवतमाळचंही नाव होतं. म्हणजे रोग सगळीकडे आहे. मग वकिलाची कॉपी जास्त का टोचते?

अशिलाच्या बाजूने बघा

समजा, बाभूळगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची जमीन बेंबळा प्रकल्पात गेली. मोबदला कमी वाटला. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली अर्ज करायची सोय होती. पण निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असेल तर मुदत फक्त सहा आठवडे. ती हुकली की उशीर माफ करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे नव्हता. कलम १८ चा रस्ता तिथेच बंद.

आता त्या शेतकऱ्याने ज्याच्या हातात कागद दिले, त्या वकीलसाहेबांनी मुदतीच्या कायद्याचा पेपर चिठ्ठीवरून काढला असेल तर? शेतकऱ्याला ते कळायला मार्गच नाही. तो काळा कोट बघतो, भिंतीवरची सनद बघतो आणि विश्वास ठेवतो. सहा आठवडे निघून जातात.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे टेस्ट केसची उत्तरं कोडमध्ये थेट लिहून टाकण्यासारखं आहे. स्क्रीनवर सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतात. प्रॉडक्शनला पहिला खरा युजर आला की सगळं कोसळतं. फरक एवढाच की आपण रात्री बसून पॅच टाकू शकतो. त्या शेतकऱ्याच्या जमिनीवर तोवर पाणी आलेलं असतं.

म्हणून "जाऊ दे ना, एक पेपर तर होता" हे म्हणणं मला पटत नाही. दुसऱ्या संधीचा विचार करताना ज्याला दुसरी संधी मिळणारच नाही, त्या अशिलाला आधी डोळ्यासमोर आणायला हवं.

परशुरामांनी काय काढून घेतलं?

कर्णाला ब्रह्मास्त्र हवं होतं. द्रोणाचार्यांनी नकार दिला, कारण त्यांच्या मते ते अस्त्र ब्राह्मणाला किंवा व्रतस्थ क्षत्रियालाच देता येत होतं, आणि कर्ण सूतपुत्र म्हणून ओळखला जात होता. हा अन्याय होता, तो झाकायचं काही कारण नाही. मग कर्ण परशुरामांकडे गेला आणि आपण ब्राह्मण आहोत असं सांगून शिकला.

पुढची गोष्ट माहीत आहेच. गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपलेले, किडा मांडी पोखरतोय आणि कर्ण हलत नाही. रक्ताने गुरूंना जाग आली. इतकं सोसणारा ब्राह्मण नसणार हे त्यांनी ओळखलं आणि खोटं उघडं पडलं. शाप मिळाला की अखेरच्या वेळी, बरोबरीच्या वीराशी लढताना हे अस्त्र तुला आठवणार नाही.

इथे एक गोष्ट आपण सहसा वाचून सोडून देतो. शांतिपर्वात परशुराम कर्णाला आश्रमातून घालवून देतात, कारण खोट्याला तिथे जागा नाही. पण त्याच वेळी असंही सांगतात, की युद्धात तुझ्या तोडीचा क्षत्रिय पृथ्वीवर होणार नाही. म्हणजे बघा, त्यांनी त्याचं शौर्य काढून घेतलं नाही, त्याचे हात तोडले नाहीत. जे खोट्याने मिळालं होतं तेवढंच परत घेतलं. स्वतःच्या कष्टाचं जे होतं ते त्याच्याजवळच राहिलं.

दंडाचं मोजमाप इतकं नेमकं असू शकतं.

याच्या शेजारी छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबाल ठेवा. त्यालाही गोत्र माहीत नव्हतं. गौतम ऋषींनी विचारल्यावर आईने जे सांगितलं होतं तेच त्याने जसंच्या तसं सांगितलं, आणि त्या खरेपणावरच त्याला प्रवेश मिळाला. दोघांची अडचण सारखीच, पण दारात उभं राहून दोघं वेगवेगळं बोलले.

श्लोकातले दोन शब्द

आता परत गीतेकडे. तिसाव्या श्लोकात दोन शब्दांवर थांबा.

पहिला शब्द अनन्य, म्हणजे ज्याला दुसरा आधार नाही. खिशात चिठ्ठी ठेवून अनन्यभाव येत नाही. "अभ्यास करतोच आहे, पण राहू दे एक कॉपी, लागली तर" असं म्हणणाऱ्याचे दोन देव असतात, आणि वेळ आली की तो चिठ्ठीच्याच देवाला हाक मारतो.

दुसरा शब्द व्यवसित, म्हणजे ज्याने पक्कं ठरवलंय. श्लोकांचा क्रम बघा. आधी इतरांनी त्याला साधू मानायचं आणि नंतरच्या श्लोकात तो धर्मात्मा होतो. आपण उलटं करतो. आधी सुधारून दाखव, मग विश्वास ठेवू म्हणतो. पण विश्वासाने उभं राहायला जागाच दिली नाही तर त्याने सुधारून दाखवायचं कुठे? भगवंत निश्चयावर विश्वास टाकायला सांगतात.

मग निश्चय खरा की बनावट, हे कसं ओळखायचं? मला वाटतं कर्णाच्या कथेत त्याची खूण आहे. खोट्याने मिळालेलं सोडायला माणूस तयार आहे का, ते बघायचं. मार्क तसेच ठेवून माफी मागणाऱ्याला फक्त शिक्षा टाळायची असते. निकाल रद्द होऊ द्या, मी पुन्हा बसतो, असं म्हणणाऱ्याचं काहीतरी ठरलेलं असतं.

कायदासुद्धा दार पूर्ण लावत नाही

गंमत म्हणजे ज्या कायद्याची परीक्षा चाललीय, तो कायदाही बराचसा असाच विचार करतो.

ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम २४-अ प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला वकील म्हणून नोंदणी मिळत नाही. पण सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. म्हणजे तुरुंगातून आलेल्यालाही दार कायमचं बंद नाही.

रंगादुराई खटला बघा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला. तमिळनाडूतल्या एका वकिलाने एका बहिऱ्या म्हाताऱ्याचे आणि त्याच्या पत्नीचे पैसे घेऊन दावे दाखल केल्याचं खोटंच सांगितलं होतं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निलंबन ठेवलं, पण काही काळ त्या वकिलाने कायदेविषयक मदत केंद्रात गरिबांसाठी फुकट काम करावं आणि फसवलेल्याला २,५०० रुपये द्यावेत असा आदेश दिला. खंडपीठातल्या तिघांपैकी एका न्यायमूर्तींना हे पटलं नव्हतं, हेही सांगायला हवं. प्रश्न सोपा नाहीच. पण ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडेच दंड वळवायचा, ही कल्पना मला फार आवडते.

दंड सगळ्यांना एकाच मापाने द्यायचा नसतो, हेही कायदा ओळखतो. २०२४ चा केंद्राचा सार्वजनिक परीक्षा कायदा पेपर फोडणाऱ्या टोळ्यांसाठी पाच ते दहा वर्षांची कैद आणि किमान एक कोटीचा दंड सांगतो. परीक्षार्थीचा प्रश्न मात्र त्या त्या परीक्षा संस्थेच्या नियमांवर सोडतो. पेपर विकणारा आणि घाबरून चिठ्ठी काढणारा एक नव्हेत. २०२२ मध्ये आपल्या राज्य परीक्षा परिषदेने शिक्षक पात्रता परीक्षेतल्या गैरप्रकारात सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कायमची बंदी घातली. तिथे पैशांचा बाजार भरला होता, त्यामुळे राग समजतो. पण 'कायमची' हा शब्द माणसाने माणसासाठी वापरताना हात थोडा थांबावा, असं हे श्लोक वाचल्यावर वाटतं.

प्रामाणिकपणे नापास झालेल्याचं काय?

इथे एक हरकत येतेच, आणि ती खरी आहे. त्याच हॉलमध्ये एक मुलगी बसली होती. तिने कॉपी केली नाही, दोन मार्कांनी राहिली, घरी बोलणी खाल्ली. कॉपीवाल्याला संधी देणं हा तिच्यावर अन्याय नाही का?

मला वाटतं या हरकतीतच आपलं उत्तर आहे. नापास होणं ही आधीपासून मिळालेली दुसरी संधीच आहे. एटीकेटी आहे, पुढची परीक्षा आहे. वकिलीची अखिल भारतीय बार परीक्षा तर कितीही वेळा देता येते, आणि तिथे टिपा न लिहिलेलं बेअर ॲक्टचं पुस्तक समोर ठेवायलाही परवानगी असते. त्या मुलीने हे दार स्वीकारलं. कॉपी करणाऱ्याने तेच दार नाकारलं, कारण त्यातून जाताना मान खाली घालावी लागते.

म्हणून त्याला संधी द्यायची ती तिच्यासारखीच. निकाल रद्द, नियमात असेल तेवढी बंदी, आणि मग तोच पेपर, तोच हॉल, त्या मुलीच्या मागच्या बाकावर. सवलत नको आणि आयुष्यभराचा शिक्काही नको. संधी माणसाला मिळते, त्या गुणपत्रिकेला मिळत नाही.

खुर्चीवर बसलेल्याचं माप अर्थातच जास्त कडक हवं, कारण त्याच्या एका सहीवर कुणाची तरी सुटका अवलंबून असते. त्याची खुर्ची गेली तरी श्लोकाचं दार त्यालाही उघडंच आहे. आणि खिडकीतून चिठ्ठ्या पुरवणारे काका, "बघून घेऊ" म्हणणारे सर, मार्कांशिवाय मुलाशी दुसरं काही न बोलणारे आईबाबा, यांनीही हा श्लोक स्वतःला लावून बघावा. मुलाला नापास व्हायची मोकळीक आपण घरात ठेवली होती का?

आजची साधना

१. दोन्ही श्लोक तीन वेळा वाचा. 'अनन्य' शब्दावर थांबून स्वतःला विचारा, माझ्या खिशात कुठली चिठ्ठी आहे?

२. न कमावता मिळालेलं काही आपल्या नावावर असेल, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय असो की रेझ्युमेवरचं न येणारं स्किल, ते आजच काढून टाका.

३. ओळखीत कुणी कॉपीत सापडलेलं असेल तर त्याला एक फोन करा. उपदेश नको. पुन्हा कधी बसतोयस एवढंच विचारा, आणि जमलं तर अभ्यासाला सोबत बसा.

हे पांडुरंगा, आम्हाला खरं बोलून नापास व्हायचं बळ दे. आणि जो खोटं बोलून पास झाला, तो परत आला तर त्याला आमच्या शेजारी बसायला जागा देण्याइतकं मन दे.

राम कृष्ण हरी!